लाव्यापासून लाव्हापर्यंत : नागपुरातले चार दिवस

शनिवार, १६ डिसेंबर २०२३

विदर्भ एक्सप्रेस तासभर उशिरा पोचली. मामा फलाटावर उभे होते, डोक्याला कानटोपी, काखेत छत्री. डिसेंबरात, तेही नागपुरात, छत्री कशाला, हे मी विचारलं नाही. सप्टेंबरपासून ते छत्रीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाहीत, हे मामीने दुपारी भाकरी थापताना हळूच सांगितलं.

हिवाळी अधिवेशनामुळे शहरभर बांबूचे कठडे. ऑटोवाल्याने सिव्हिल लाइन्स चुकवून कुठून कुठून फिरवलं आणि जास्तीचे तीस रुपये मागितले. मामांनी वीस दिले.

मामांचं घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत. बैठकीच्या भिंतीवर कमरेच्या जरा वर पेन्सिलने ओढलेली एक रेघ, खाली तारीख : २३-९-२३. रंगारी आला होता. मामांनी सगळं घर रंगवून घेतलं, ती पट्टी तेवढी ठेवली. फ्रिज चार विटांवर. सोफा नाहीच, प्लास्टिकच्या खुर्च्या.

त्या रात्रीची गोष्ट मी फोनवर अनेकदा ऐकली होती, पण त्या रेघेसमोर बसून ऐकणं वेगळं. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी भरून वाहू लागला, नाग नदीने काठ सोडला. मामीला पहाटे तीनच्या सुमारास तहान लागली म्हणून तिने पलंगावरून पाय खाली टाकला, तो घोट्याच्या वर पाण्यात गेला.

"तीच आमची पूर्वसूचना," मामा म्हणाले. "ना भोंगा, ना फोन. पाय खाली टाकला अन् पाणी."

वरच्या मजल्यावरच्यांनी हात देऊन ओढून घेतलं. सकाळी गल्लीत बोटी फिरत होत्या, लष्कराची माणसं आली होती. चाळीस वर्षांच्या पाठांच्या वह्या, खडकांच्या नमुन्यांची लेबलं, मामीच्या लग्नातला शालू, सगळ्याचा लगदा झाला. दगड मात्र राहिले. मामा एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. "दगडाले पाण्याचं काय," असं ते म्हणाले, पण लेबलांशिवायचा दगड म्हणजे नुसता दगड, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी नागपूरला आलो ते खरं तर मामीच्या सांगण्यावरून. "तुझे मामा रात्र रात्र मोबाइलमध्ये डोंगर पाहत बसतात, ये अन् बघ एकदा," म्हणाली होती. रात्री जेवण झाल्यावर मी पाहिलं. मोबाइलवर काळोख, त्यात थोडा बर्फ, लांब कुठे दिवे. आइसलँडमधल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र. दुसऱ्या खिडकीत भूकंपांचे ठिपके असलेला नकाशा.

"ग्रिंडाविक," मामा म्हणाले. "मच्छीमारांचं गाव. चार हजारांच्या आत लोकं. आपला पूर आला सप्टेंबरात, अन् सात आठवड्यांनी, १० नोव्हेंबरच्या रात्री, त्यायनं ते अख्खं गाव रिकामं केलं. अन् काही फुटलंच नव्हतं बे तेव्हा! लाव्ह्याचा एक थेंब नव्हता बाहेर!"

त्यांच्या आवाजात काय होतं, ते ओळखायला मला थोडा वेळ लागला. तो हेवा होता.

मग त्यांनी पुरीवरून समजावलं. त्या गावाच्या उत्तरेला स्वार्त्सेंगी नावाचं भू-औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथली जमीन खालून मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, साठल्यामुळे पुरीसारखी फुगत होती. उपग्रहाशी जोडलेले जीपीएसचे खांब मिलिमीटर मिलिमीटर मोजत होते, उपग्रहांचं रडार वरून बघत होतं. १० नोव्हेंबरला हजारो छोटे धक्के बसले आणि पुरी एकदम बसली. मॅग्मा वर न येता आडवा सरकला होता, सुमारे पंधरा किलोमीटर लांबीच्या फटीत, आणि ती फट गावाच्या खालून जात होती. गावाच्या मधोमध जमीन मीटरभराहून जास्त खचली, रस्ते चिरले. प्रशासनाने सांगितलं, घाबरू नका, धोका या घटकेचा नाही, शांतपणे निघा. पण निघा. आणि लोक निघाले.

"अन् आता?" मी विचारलं.

"आता पुरी परत फुगून रायली."

रविवार, १७ डिसेंबर

सकाळी तर्री पोहे. तर्री वेगळी मागितली तरी ती पोह्यांवरच येते, हा इथला न्याय. मी नाशिकचा, मिसळ खाऊन वाढलेला, तरी कपाळावर घाम आला. मग मामांच्या स्कूटरवरून अमरावती रोडने वाडी, आणि तिथून आत लाव्याला.

हो, गावाचं नाव लावा. नाग नदी इथल्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीत येते आणि मग शहराच्या पोटातून जाते. नावाचा आणि ज्वालामुखीचा संबंध नसावा, पण मामांनी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना हा विनोद ऐकवलाय आणि मलाही ऐकवला.

टेकडीच्या कापलेल्या कडेला त्यांनी स्कूटर लावली. काळा खडक, कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेला, आतला गाभा गोल गोटा. पापुद्र्यांचा मुरूम, मुरमाची काळी माती, मातीत कापूस आणि संत्री. "आपलं सगळं जेवण या दगडाचं," मामा म्हणाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दख्खनचा हा पसारा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीकडे थर दोन किलोमीटरपर्यंत जाड, आणि नागपूर म्हणजे आंबोळीची कड : पातळ, तुटक. पूर्वेला थोडं गेलं की लाव्हा संपतो, दुसरेच जुने खडक लागतात. मी आंबोळीच्या मधल्या जाड भागातून आलेला माणूस, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"पाह, ज्वालामुखीचा शंकू शोधू नको इथं. दख्खनचा लाव्हा जमिनीच्या भेगांतून आला, वाहत गेला. आइसलँडची जात तीच. प्रमाण सोड, ते कुठं अन् हे कुठं, पण जात तीच. म्हणून मी पाहून रायलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं काय झालं असंल, ते थेट दिसते मोबाइलवर."

भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे माणूस राहत नाही, त्यामुळे रिकामं करायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे या विद्येची सवय नाही ती त्यामुळेही असेल, असं मला वाटलं. मामांना ते पटलं नाही. "सवय पुराचीही नाही का आपल्याले? मग?"

लाव्याच्या फाट्यापाशी एक चहाची टपरी आहे. टपरीवाले भाऊ मामांना बघताच दोन कट पुढे करतात, पैसे घेत नाहीत. त्यांच्या टपरीमागून नाला जातो, त्यावर एक रपटा, म्हणजे बुटका पूल, आहे. पाणी रपट्यावर आलं की खाली अंबाझरीत काय होणार, ते त्यांना आधी कळतं. सप्टेंबरच्या रात्रीही कळलं असतं. पण सांगायचं कोणाला?

म्हणून मामांनी वही केलीय. शाळेची दोनशे पानी वही, पहिल्या पानावर नावं आणि नंबर. एक नंबर टपरीवाले. रपट्यावर पाणी आलं की ते मामांना मिस्ड कॉल देणार, मामा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. बारा घरं. बोलायचं नाही, एक रिंग, कट, पुढचा. पाच मिनिटांत पुढे गेला नाही तर मागच्याने एक सोडून पुढे लावायचा. मला हे ऐकून हसू आलं आणि ते मामांना दिसलं.

"हास. फिलिपिन्सले पण लोक हासले होते."

चहाच्या दुसऱ्या कटाबरोबर पिनाटुबो आला. पाचशे वर्षं गप्प असलेला, जंगलाने झाकलेला डोंगर, १९९१च्या एप्रिलमध्ये वाफ सोडू लागला. तिथल्या ज्वालामुखी संस्थेने आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी घाईघाईने भूकंपमापक बसवले, हवेतला गंधकाचा वायू मोजला. मेच्या मध्याला दिवसाला पाचशे टन, अखेरीला पाच हजार टन, आणि मग एकाएकी कमी. साधा माणूस म्हणेल, बरं झालं, शांत होतोय. शास्त्रज्ञांनी उलटं वाचलं : वाट बुजलीय, आत दाब वाढतोय. सूचनेच्या पाच पायऱ्या आखल्या होत्या. पण आकडे सांगून लोक हलेनात. तेव्हा राख आणि चिखलाचे लोट गावांचं काय करतात याची खरी दृश्यं असलेली चित्रफीत गावोगाव, अधिकाऱ्यांपासून शाळांपर्यंत दाखवली. ती ज्या फ्रेंच दांपत्याने, मॉरिस आणि कातिया क्राफ्ट यांनी केली होती, ते दोघे त्याच सुमारास, ३ जूनला, जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावले. १० जूनला पायथ्याजवळच्या क्लार्क हवाई तळावरून सुमारे पंधरा हजार माणसं एका सकाळीत बाहेर काढली. १५ जूनला डोंगर फुटला. त्याच दिवशी वादळी पाऊस आला, ओल्या राखेच्या वजनाने छपरं कोसळली, त्यात शेकडो गेले. तरीही निदान पाच हजार जीव वाचले असा हिशेब आहे.

"पाच दिवस आधी, समजलं का? पाच दिवस! म्या पाच मिनिटं मागून रायलो."

परतताना अमरावती रोडवर एकामागून एक रुग्णवाहिका सायरन लावून पश्चिमेकडे जात होत्या. वाडीच्या नाक्यावर कळलं, बाजारगावच्या बारूद कारखान्यात सकाळी स्फोट झाला. संध्याकाळपर्यंत आकडा नऊवर गेला. काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं बघायचं ठरलं होतं, पण दोघांनाही इच्छा राहिली नाही. मामा घरी येऊन बराच वेळ खाटेवर नुसते पडून होते.

रात्री त्यांनी मोबाइल उघडला आणि चिडले. स्वार्त्सेंगीजवळचं ते प्रसिद्ध निळ्या गरम पाण्याचं कुंड, महिनाभर बंद होतं, ते आजच पर्यटकांना उघडलं होतं. "थकले," म्हणाले. "वाट पाहू पाहू थकले लोक. जमीन थकत नाही."

सोमवार, १८ डिसेंबर

आज पायी सीताबर्डी. मोर्चांचा दिवस. झेंडे, घोषणा, भर रस्त्यात बसलेल्या बाया, त्यांच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा विकणारी पोरं. टेकडी गणपतीला नमस्कार केला आणि मामांनी मला देवळापेक्षा टेकडीचा दगड जास्त वेळ दाखवला. तोच काळा, लाव्याचा. वर किल्ला, १८१७च्या भोसले-इंग्रज लढाईचा. तो लष्कराकडे आहे आणि वर्षातले मोजके दिवस लोकांना उघडतो, आज त्यातला नव्हता. एका पुजाऱ्याने मामांना विचारलं, "सर, आपला डोंगर तर नाही ना फुटणार?" मामा म्हणाले, "नाही महाराज, हा थंड झाला. तुम्ही नाल्याकडे लक्ष ठेवा."

दुपारी पोलीस लाइन टाकळी. या भागात स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याला एकोणिसाव्या शतकात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातल्या शंखांचे आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. म्हणजे एक थर आला, थंडावला, त्यावर तळी झाली, गोगलगायी आल्या, झाडं आली, आणि मग पुढचा थर आला. मधली शांतता हजारो वर्षांची. "गोगलगायीले वाटलं असंल, आता काही होत नाही," असं म्हणून मामा स्वतःच हसले. आता तिथे बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही. घरं, भिंती, एक तळं, तळ्याकाठी क्रिकेट.

हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला, शाळा काढली, गोंडांच्या बोली टिपल्या, दगड गोळा केले. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटहून शिळावर्तुळांचं उत्खनन बघून घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. लाव्हा शोधणारा माणूस, सप्टेंबरच्या पाण्याने गेला. हे मामांनी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी बैठकीत वहीवरची माणसं जमली. मामीने सांबारवडी केली होती. (पुणे-नाशिककडच्यांसाठी : सांबार म्हणजे इथे कोथिंबीर.) चर्चेचा विषय गंभीर होता. नववा नंबर असलेले निवृत्त गृहस्थ साखळीतून बाहेर पडणार होते. एका रात्री दोन वाजता थोडा पाऊस झाला, रिंग फिरली, बारा घरं जागी झाली, गाद्या माळ्यावर गेल्या, आणि नाल्याला पाणीच आलं नाही. "माझं बीपी वाढते," ते म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. मध्यरात्रीच्या खोट्या रिंगची किंमत पाळणाऱ्यालाच द्यावी लागते.

मामांनी वाद घातला नाही. ग्वादलूप सांगितलं. १९७६ साली त्या कॅरिबियन बेटावर सुफ्रिएर ज्वालामुखी खदखदला. सत्तर हजारांहून जास्त लोकांना महिनोन्‌महिने घराबाहेर काढलं आणि मोठा स्फोट झालाच नाही. शास्त्रज्ञ आपसांत वर्तमानपत्रांतून भांडले. लोकांनी शिव्या घातल्या.

"मग?" गृहस्थ म्हणाले. "माझंच बरोबर ना?"

"हाव. अन् नऊ वर्षांनी कोलंबियात नेवादो देल रुईस. अर्मेरो गाव. कोणता भाग बुडंल त्याचा नकाशा महिनाभर आधी छापून तयार होता. १३ नोव्हेंबर १९८५ले दुपारी राख पडली, रेडिओवर सांगितलं, शांत राहा, घरी राहा. रात्री शिखरावरचा बर्फ वितळला, चिखल खाली याले दोन-अडीच तास लागले. दोन-अडीच तास होते! अकराच्या पुढं गाव झोपलं होतं. तेवीस हजार माणूस गेला सगळा मिळून."

कोणी काही बोललं नाही. मामी चहा घेऊन आली आणि तिने गृहस्थांच्या कपात साखर घातली नाही, हे तिला न सांगता ठाऊक होतं. ते म्हणाले, विचार करतो.

त्यांच्या जागी तात्पुरता नवा नंबर हवा होता. मामांनी माझं नाव लिहिलं. "मी नाशिकला, मला काय करायचंय?" मी म्हटलं. "म्हणूनच तर. त्या रात्री इथले फोन भिजले, लाइट गेली, चार्जिंग संपलं. बाहेरचा एक पाहिजे, कोरडा."

मंगळवार, १९ डिसेंबर

पहाटे सव्वाचारला दारावर टकटक. माझा पहिला विचार, पाणी. मी पलंगावरून पाय खाली टाकायला घाबरलो. फरशी कोरडी आणि बर्फासारखी थंड होती.

"फुटला," मामा दारातून म्हणाले.

मोबाइलवर काळोखात केशरी रेघ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कारंज्यांची रांग, वर धूर तेवढाच केशरी. तिकडे १८ तारखेचे रात्रीचे दहा वाजून सतरा मिनिटं, आपल्याकडे पावणेचारच्या पुढे दोन मिनिटं. सुंदहनुकूर नावाच्या जुन्या विवरांच्या रांगेत सुमारे चार किलोमीटरची भेग उघडली होती, गावाच्या ईशान्येला. मामी शाल गुंडाळून मागे उभी राहिली. "सुंदर दिसते," ती म्हणाली आणि लगेच, "गावात कोणी आहे का?"

नव्हतं. मामांनी हिशेब मांडला आणि तो मी वहीच्या मागच्या पानावर उतरवला. धक्क्यांची नवी माळ सुरू झाली रात्री नऊच्या सुमारास, भेग उघडली सव्वादहानंतर. म्हणजे अखेरचा इशारा मिळाला जेमतेम सव्वा तासाचा. सव्वा तासात, डिसेंबरच्या बर्फात, पोराबाळांसकट गाव रिकामं करायचं म्हणजे! पण ते अडतीस दिवस आधीच रिकामं होतं. दिवसा सामान काढायला लोकांना पोलिसांच्या नाक्यातून आत सोडत, बाकी शुकशुकाट. त्या अडतीस दिवसांत काही घडलं नाही, लोक वैतागले, कुंड उघडलं, आणि तरीही गाव रिकामंच ठेवलं. मामांना हेवा वाटत होता तो यंत्रांचा नव्हता.

लाव्हा गावापर्यंत गेला नाही, हे दिवस वर आल्यावर कळलं. मामांनी तेव्हा कुठे दात घासले.

दुपारी मामीने झुणका-भाकर बांधून दिली, संत्रा बर्फीचा डबा दिला. निघताना दाराच्या खिळ्याला टांगलेली एक कापडी पिशवी दिसली : कागदपत्रं, मामांच्या गोळ्या, टॉर्च, एक लुगडं. "हे माझं आइसलँड," ती म्हणाली. फ्रिज अजून किती दिवस विटांवर ठेवणार, विचारलं तर म्हणाली, राहू दे, झाडायला सोपं जातं.

संध्याकाळच्या गाडीला जागा खिडकीची मिळाली. पुलगावच्या आसपास, बाहेर अंधार पडलेला, मोबाइल एकदाच वाजला आणि थांबला. आठव्या नंबरचा. माझ्या पोटात गोळा आला. सहप्रवासी बघत होता. मी नियमाप्रमाणे दहावा नंबर लावला, एक रिंग, कट.

अर्ध्या मिनिटात त्याच नंबरवरून उलट फोन आला. बाईचा आवाज, मागे कुकरच्या शिट्ट्या.

"पाणी आलं का जी?"

"माहीत नाही हो, मी गाडीत आहे. मला आठव्याचा आला."

"अस्सं. थांबा, मी वर गच्चीत जाऊन पाहतो." चपलांचा आवाज, मग वारा. "इथं तर चांदणं पडलं आहे. सर ट्रायल घेऊन रायले असतील. तुम्हीच ते नाशिकवाले?"

"हो."

"मग ठीक. मी दिला अकराव्याले." आणि तिने फोन ठेवला.